धुराचा देठ

"हा कॅमेरा हवेसाठी लावलाय, शलाका. माणसांसाठी नाही," सुहास मला म्हणाला होता. "तू यात अण्णांना शोधायला लागलीस तर फसशील. थंडीतला धूर ज्याच्या घरावर दिसतो त्याच्याच घरचा असतो, असं नाही."

मी 'बरं बरं' म्हटलं आणि लिंक माझ्या फोनवर घेतली. नवऱ्याच्या कामाचं बोलणं मी नेहमी निम्मंच ऐकते. माझी मुलगी शमिका तेव्हा नुकती पळायला लागली होती, घरातल्या प्रत्येक टेबलाचा कोपरा मला तिच्या कपाळाच्या उंचीचा वाटत होता, आणि त्यात हवेचं कोण ऐकणार?

अण्णा म्हणजे माझे वडील, वासुदेवराव. राजाजीनगरात त्यांचं बटणं, लेस, अस्तर आणि दोऱ्यांचं दुकान होतं. आम्ही तीन पिढ्यांपासून बेंगळुरूचे. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि अण्णा चिडले की दोन्ही एकदम. आई आणि त्यांनी मिळून म्हातारपणासाठी हासनच्या पुढे, घाट लागायच्या अलीकडे, एका डोंगराच्या पायथ्याच्या खळग्यात थोडी जमीन घेतली होती. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी, आणि न्हाणीत चुलाणावर बसवलेला तांब्याचा मोठा हंडा. लाकडावर तापलेल्या पाण्यानं आंघोळ करायची, एवढीच आईची त्या घराकडून अपेक्षा होती. तिला तिथे एकच हिवाळा मिळाला. ती गेल्यावर अण्णा 'महिनाभर राहून येतो' म्हणून गेले ते तिथलेच झाले. दुकान माझ्या चुलतभावाला दिलं. मला फक्त कळवलं.

डोंगराचं नाव कुदुरेगुड्डा, म्हणजे घोड्याचा डोंगर. घोड्यासारखं त्यात काही नाही. इडलीची वाटी उपडी ठेवावी तसा तो आहे, गोल आणि एकटा, आसपास दुसरा डोंगर नाही. सुहासला तो पहिल्या भेटीतच आवडला. सासऱ्यांच्या पाया पडायच्या आधी त्यानं डोंगराचा फोटो काढला, हे अण्णा अजून सगळ्यांना सांगतात.

सुहास मूळचा साताऱ्याचा. इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत तो हवा डोंगरांना कशी ओलांडते याचा अभ्यास करतो. त्यांना असाच एकटा डोंगर हवा होता. समोरच्या टेकाडावर, एका कॉफीच्या मळ्यातल्या पाण्याच्या टाकीवर, त्यांनी कॅमेरा बसवला. दर थोड्या वेळानं एक चित्र. डोंगर, त्याच्या कडेनं सरकणारं धुकं, धूर; आणि अगदी खाली डाव्या कोपऱ्यात, नखाएवढं, लाल कौलांचं एक छप्पर.

त्या छपरासाठी मी रोज पहाटे उठायला लागले.

अण्णांच्या त्या खळग्यात फोनला रेंज नाही. वळणावरच्या फणसाखाली चालत आलं तरच फोन लागतो, आणि अण्णा तिथे फक्त रविवारी येत. मी त्यांच्या ओट्यावर लावायला छोटा कॅमेरा नेला होता, शमिकाच्या पाळण्यावर होता तसा. त्यांनी त्यावर पंचा वाळत घातला. "मी काय पाळण्यातलं पोर आहे, माझ्यावर नजर ठेवायला?" वर रेंजच नसल्यानं तो पंचा वाळवायलाच उपयोगी पडला.

तेव्हा माझ्याकडे उरला तो धूर. उठायचं, शमिकाच्या छातीवर हात ठेवून बघायचं (तिला थंडीत घरघर लागते), मग बाल्कनीत येऊन फोन उघडायचा. आधी चित्र निळसर असायचं. मग डोंगराची कड दिसायची. मग कधीतरी त्या छपराच्या मागच्या बाजूनं एक बारीक पांढरी रेघ निघायची, सरळ वर, सुईत ओवायला धरलेल्या दोऱ्यासारखी. जरा वर गेली की तिचं काय व्हायचं कोण जाणे. जणू वर न दिसणारी काच बसवली आहे आणि धूर तिला टेकलाय, असा तो आडवा पसरायचा.

उठले, मी मनात म्हणायची. चुलाण पेटलं. आता हंडा तापेल, आता तांब्या बुडवतील, आता 'हर हर गंगे' म्हणता म्हणता थंडीनं मधेच ओरडतील. मग मी चित्र मोठं करायची. मोठं, अजून मोठं, इतकं की घराचे चौकोन चौकोन व्हायचे. त्यांतला एक करडा चौकोन म्हणजे अण्णा असं मी ठरवून टाकायची, आणि त्या चौकोनाकडे बघत चहा प्यायची.

रविवारी फणसाखालून फोन यायचा.

"जेवलात अण्णा?"

"जेवलो मा. तू जेवलीस, की पोरीमागे वाटी घेऊन पळतेयस?"

"स्वेटर घालता ना?"

"दोन घालतो. तिसरा पाठव, दुकान मांडतो इथे."

"या ना इकडे. थंडीपुरतं तरी."

"मारतहळ्ळीला? आठव्या मजल्यावर?" ते हसायचे. "तुमचं ते सोलरचं पाणी. ना वास, ना धग. अंगावर घेतलं की वाटतं, बँकेत आलोय."

"आम्हाला तुमची आठवण येते."

यावर फणसातल्या पक्ष्यांचा आवाज यायचा फक्त. मग, "स्वल्प थांब, बॅटरी जाते आहे वाटतं," आणि फोन बंद. त्यांची बॅटरी नेमकी याच वाक्याला जायची.

त्या काळात सुहासच्या प्रयोगशाळेत घरच्यांना आत सोडायचा दिवस होता. शमिकाला कडेवर घेऊन मी गेले. एका लांबलचक काचेच्या टाकीत पाणी होतं. नुसतं नाही, तळाला खारट, वर गोडं, आणि मधे थर, प्रत्येक थर वरच्यापेक्षा थोडासाच जास्त खारट. ते भरायला पूर्ण दिवस जातो आणि तोवर कुणी टाकीजवळ मोठ्यानं दारही लावायचं नाही. त्या पाण्यात वरून एक छोटा प्लास्टिकचा डोंगर उलटा लटकत होता. शिखर खाली, पायथा वर.

"बाबा, डोंगर पडला," शमिका म्हणाली.

"पडला नाही. आम्ही त्याला उलटा धरून ओढतो. नंतर फोटो उलटा करायचा की झालं." सुहासनं बटण दाबलं. डोंगर पाण्यातून हळूहळू सरकू लागला. पाण्यात सोडलेल्या रंगाच्या रेघा त्याच्यापाशी आल्या. शिखराजवळची निळी रेघ सहज शिखरावरून निघून गेली, आणि पलीकडे जाऊन वरखाली, वरखाली लाटा काढत राहिली. पायथ्याजवळची लाल रेघ मात्र डोंगरापाशी येऊन अडखळली, दोन भाग झाले, आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेली. मागच्या बाजूला पोचल्यावर ती पुढे जाईना. तिथेच गोल फिरत, परत डोंगराकडेच आली.

"तिला वरून का नाही जाता येत?" मी विचारलं.

"जोर नाही. थंडीच्या रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन गार पडते. गार हवा जड, ती तळाला बसते, तिच्यावर जरा कमी गार, तिच्यावर आणखी. असे थर लागले की प्रत्येक थर आपली जागा सोडायला तयार नसतो. वर ढकललास तर खाली येतो, खाली दाबलास तर वर. मग डोंगर आडवा आला की चढायला जोर लागतो. ज्याच्याकडे आहे तो वरून, नाही तो बाजूनं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आपला मारतहळ्ळीचा फ्लायओव्हर ना, तसं. बाकी सगळे सर्व्हिस रोडनं."

"आणि सर्व्हिस रोडवाले मागे जाऊन अडकतात."

"अगदी."

मी हसले. शमिकानं काचेवर जीभ लावली, मी ती पुसली, घरी येऊन तिला तीनदा विचारलं की पोटात दुखतंय का. लाल रेघ परत डोंगराकडे येत होती ते माझ्या डोळ्यांना दिसलं होतं, पण ते अण्णांच्या घराशी जोडायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

मग डिसेंबर संपता संपता ती थंडी आली. बेंगळुरूतसुद्धा लोक कानटोप्या घालून दूध आणायला निघाले. शमिकाची घरघर वाढली. वाफेचं यंत्र, औषधाची कुपी, तोंडावर तो सशाच्या आकाराचा मास्क, आणि मास्कमधून येणारं 'आजोबांच्या घरी जायचं' हे पालुपद. तरी पहाटे मी फोन उघडला. खळग्यात पांढरा धूर होता. छपरावरून आडवा, पसरलेला, दुधात बुडवल्यासारखा. उठले, मी म्हटलं आणि शमिकाकडे वळले. दुसऱ्या दिवशीही तसंच. उलट धूर जास्तच दिसला, आणि मला बरं वाटलं की अण्णा भरपूर लाकडं घालून कडकडीत पाणी काढतायत.

त्या सकाळी सुहास डबा भरत होता. कालचा वारा कसा होता ते बघायला त्यानं माझाच फोन उचलला.

"हा धूर कुठला?" तो म्हणाला.

"अण्णांचा."

"नाही." तो खुर्चीवर बसला. डब्याचं झाकण तसंच हातात. "हे बघ. हा उजवीकडून येतोय. डोंगराच्या खांद्याला घासून, वळसा घालून आलाय, आणि खळग्यात फिरतोय. हा पलीकडच्या वाडीचा धूर आहे, शलाका."

"पण घरावर आहे ना."

"घरावर आहे, घरातून नाही. त्यांचा धूर आधी उभा असतो. देठ असतो त्याला. वर जाऊन मग पसरतो. इथे देठ कुठाय?" त्यानं मागची चित्रं काढली. एक, दुसरं, तिसरं. "कालही नाही."

माझ्या हातातून शमिकाचा मास्क खाली पडला. त्याचा प्लास्टिकचा आवाज मला अजून ऐकू येतो.

काल नाही, आज नाही. म्हणजे दोन सकाळी अण्णांनी पाणी तापवलं नाही. आईच्या श्राद्धाच्या दिवशी, अंगात ताप असताना, एवढंच काय पाऊस न्हाणीत गळत असतानाही जो माणूस हंडा तापवल्याशिवाय राहिला नाही, त्यानं दोन सकाळी चुलाण पेटवलं नाही.

डोंगराच्या पलीकडच्या वाडीत हेमावती नावाची बाई राहते. सगळे तिला हेमक्का म्हणतात. तिच्या म्हशी आहेत, अण्णा तिच्याकडून दूध आणतात, आणि तिच्या घरी रेंज आहे. तिचा नंबर माझ्याकडे होता. ती कन्नडमध्ये बोलते; मीही कन्नडमध्येच ओरडून सांगितलं, की अण्णांचं चुलाण दोन दिवस पेटलेलं नाही.

"हौदा? खरंच?" ती म्हणाली. "अय्यो मगळे, पोरी. मीही म्हणत होते, म्हातारबा दुधाला का येईना. मला वाटलं तू घेऊन गेलीस. तू प्रत्येक वेळी 'घेऊन जाते, घेऊन जाते' म्हणतेस ना."

"अक्का, जाल का तिकडे? आत्ता?"

"ही निघाले. पण डोंगर चढून नाही होणार गं माझ्यानं. खालून फिरून जाते. वेळ लागेल."

खालून फिरून. जिथून तिच्याच चुलीचा धूर आला होता, त्याच वाटेनं.

सुहासनं गाडीत पांघरुणं टाकली. मी शमिकाची औषधं भरली, काढली, परत भरली. निघायचं होतं आणि पाय निघत नव्हते, कारण रस्त्यात रेंज गेली तर चित्र दिसणार नाही. शेवटी सुहास म्हणाला, "पुढचं चित्र बघू, मग निघू." आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो, फोन मधे ठेवून, एखाद्या आजाऱ्याभोवती बसावं तसे.

चित्र आलं. डोंगर, धूर, छप्पर. अंगणात कुणी नाही.

पुढचं चित्र. कुणी नाही. धूर थोडा विरळ झाला होता. ऊन आलं की थर मोडतात, सुहास पुटपुटला, कुणी विचारलं नसताना.

पुढच्या चित्रात अंगणात एक लाल ठिपका होता.

"हेमक्काचा स्वेटर," मी म्हटलं. खरं म्हणजे हेमक्काकडे लाल स्वेटर आहे की नाही मला माहीत नव्हतं.

त्यापुढच्यात ठिपका नव्हता. म्हणजे ती आत गेली. त्यापुढच्यातही नव्हता. म्हणजे ती आतच आहे. आत राहण्यासारखं काय आहे? माणूस ठीक असता तर ती लगेच वळणावर येऊन फोन करती. माणूस ठीक नसता तरी करती. मी शमिकाचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

आणि मग ते चित्र आलं. छपराच्या मागून पांढरी रेघ. सरळ. उभी. वर जाऊन, त्या न दिसणाऱ्या काचेला टेकून, पसरलेली.

सुहासनं त्यावर बोट ठेवलं. त्याचा चेहरा मोकळा झाला. पाणी तापतंय! मला मात्र तसं वाटेना. कारण मला आठवलं की पाणी दोनदा तापवतात. जिवंत माणसासाठी, आणि ज्याची शेवटची आंघोळ आहे त्याच्यासाठी. आईच्या वेळी राजाजीनगरच्या घरी शेजारणींनी गॅसवर एकामागून एक पातेली ठेवली होती; 'हंड्याचं असतं तर बरं झालं असतं' असं अण्णा कुणालाही न सांगता भिंतीला सांगत होते. धूर काय, दोन्ही वेळचा सारखाच. वरून बघणाऱ्याला सांगणार कसं?

मी सुहासला हे बोलले नाही. त्याच्या मोकळ्या झालेल्या चेहऱ्याकडे बघत बसले.

फोन वाजला तेव्हा मी त्यावरचं हेमक्काचं नाव बघतच राहिले. शमिकानंच हिरवं बटण सरकवलं.

"अगं तुझा बाप," हेमक्काला दम लागला होता, "तुझा बाप मला शिव्या घालतोय. म्हणे ओली लाकडं लावलीस, धूर डोळ्यांत जातोय, अक्कल नाही. आता तूच सांग, कोरडी कुठे ठेवलीत ते न सांगता पडून राहिला, आणि अक्कल मला नाही!"

मी रडायला लागले ते हसतच.

न्हाणीत पाय घसरला होता. घोटा सुजून दुधीएवढा झाला होता, वर ताप. सरपटत ते खोलीत आले होते आणि घागरीतलं पाणी पीत पडून राहिले होते. हाक मारून काय उपयोग, खळग्यात ऐकणारं कोण? आम्ही दुपार कलायच्या आत पोचलो. मला पाहिल्यावर ते म्हणाले, "शमिकाला कशाला आणलंस या थंडीत? छाती भरेल तिची." आणि मग तोंड भिंतीकडे केलं. कारण हेमक्कापुढे त्यांना रडायचं नव्हतं.

बेंगळुरूला आणलं. प्लास्टर झालं. आठव्या मजल्यावर, शमिकाच्या खोलीत, भिंतीवर चिकटवलेल्या जिराफाखाली अण्णा झोपायला लागले. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. पहाटे उठून मी आता दोन छात्यांवर हात ठेवत होते. आणि तरी, सांगायला लाज वाटते, मी बाल्कनीत जाऊन फोन उघडतच राहिले. छप्पर दिसायचं. धूर नाही. अण्णा पलीकडच्या खोलीत घोरत असताना मला त्यांची आठवण यायची.

एकदा मागून आवाज आला, "काय बघतेस गं?"

कुबडी टेकत ते उभे होते. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला, दूर नेला.

"आपलं घर?"

"हो."

"एवढंसं?" मग त्यांनी एका चौकोनावर नख टेकवलं. तिथे काहीही नव्हतं. "इथे बसायची तुझी आई. केस वाळवायला. धूर केसांत जातो म्हणून मी ओरडायचो. ती म्हणायची, जाऊ दे, शिकेकाई वाचते."

त्यानंतर रोज पहाटे ते माझ्याआधी बाल्कनीत येऊन बसायचे. "दाखव." आणि आम्ही बापलेक, एकमेकांना खांदे लागतील इतके जवळ, एका रिकाम्या घराचं चित्र बघायचो. रिंग रोडवर गाड्या सुरू व्हायच्या. तळ्याच्या बाजूला कुणीतरी कचरा पेटवलेला असायचा आणि तो करडा धूर इमारतींच्या मधून आडवा सरकत यायचा.

"हा कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"कुणाचाच नाही. कचऱ्याचा."

"मग मी इथे बसून कुणाचाच नसलेला धूर बघायचा?"

मी भांडले. पाय, वय, न्हाणी, एकटेपण, सगळं काढलं. शमिकाला पुढे केलं. ती म्हणाली, "आजोबा, जाऊ नका, जिराफ तुम्हाला देते." अण्णांनी तिला मांडीवर घेतलं. "जिराफाला सांभाळायला कुणी हवं की नको? तसं माझ्या हंड्याला पण." सुहासकडे मी आशेनं पाहिलं. तो म्हणाला, "अण्णा, न्हाणीत खरखरीत फरशी बसवू," आणि माझ्याकडे न बघता उठला. सासरे-जावयांचं हे आधीच ठरलं होतं तर.

मी त्यांना अडवून ठेवू शकले असते. आठवा मजला, कुबडी, लिफ्टचं बटणही ते दरवेळी चुकीचं दाबत. पण त्या पहाटे त्यांनी रिकाम्या चौकोनावर ज्या मायेनं नख टेकवलं होतं, तशा मायेनं इथल्या एकाही वस्तूला ते हात लावत नव्हते. मला ते हवे होते, आणि मला मिळाले होते ते त्यांचं प्लास्टर, त्यांचे दोन स्वेटर आणि घोरणं. बाकीचे ते तिकडेच होते.

ते परत गेले. फरशी बसवली, धरायला नळीचा कठडा लावला, घरात शिट्टी टांगली. हेमक्कानं रोज सकाळी फेरी मारायचं कबूल केलं, आणि वर्षभर मारलीही. कॅमेरा होता. पहाटे देठ दिसायचा. मी आता पसरलेल्या धुराकडे बघतच नव्हते, फक्त देठ शोधायची.

या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. सुहासचा प्रकल्प संपला आणि कॅमेरा काढला. मी म्हटलं, राहू दे ना तिथेच, कुणाला त्रास आहे? तो म्हणाला, "सरकारी वस्तू आहे, शलाका," आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाला, "मी विचारून पाहिलं. नाही म्हणाले." आणि हेमक्का मुलीच्या बाळंतपणासाठी तुमकूरला गेली. उन्हाळ्याआधी येणार नाही. म्हशीही विकल्या. मी जमेल तसं जाते, पण शमिकाच्या छातीला तिथली थंडी झेपत नाही, आणि माझ्या नोकरीतल्या सुट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. अण्णा अजून रविवारीच फणसाखाली येतात. आधीच्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत मला काही दिसत नाही.

म्हणून हे लिहितेय.

तुमच्यापैकी कुणी ना कुणी सुट्टीच्या दिवशी कुदुरेगुड्डा चढतं. मला माहीत आहे, कारण तुमचे फोटो मी शोधून शोधून बघते. शिखरावर हात पसरून उभे राहिलेले तुम्ही, आणि खाली पांढराशुभ्र धुक्याचा समुद्र, काठोकाठ भरलेला, जरा हलत नसलेला. फार सुंदर दिसतो तो. त्याच्या तळाला माझे वडील राहतात.

फोटो काढून झाले की लगेच पूर्वेच्या वाटेनं गाडीकडे उतरू नका. ऊन येऊन धुकं फाटेपर्यंत थांबा, थोडा वेळ लागतो. मग पश्चिमेला खाली बघा. लाल कौलं दिसतील. त्यांच्या मागून धूर सरळ उभा निघत असेल तर तुम्ही जा, तुमचा नाश्ता व्हायचा असेल. धूर नुसताच आडवा पडलेला असेल, किंवा काहीच नसेल, तर कृपा करून त्या बाजूनं उतरा. पायवाट आहे. जरा घसरडी आहे, हळू उतरा.

दार जोरात वाजवा, त्यांना आता कमी ऐकू येतं. कुणी पाठवलं विचारतील, तेव्हा माझं नाव सांगू नका; चिडतील. तहान लागली म्हणा. ते बसवून घेतील, ताक देतील, तुमच्या शर्टाची बटणं कुठल्या कंपनीची आहेत ते सांगतील. त्यांना बोलू द्या. आणि वळणावर रेंज आली की, मधे कुठे चहाला थांबायच्या आधी, मला एक फोन करा. नंबर त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला मी खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.